एकाच परसात दोन कापूस: प्रजाती वेगळ्या कशा होतात आणि वेगळ्या कशा राहतात

आमच्या परसात देवकापसाचं एक झाड आहे. आजीच्या झाडाची सरकी लावून वाढवलेलं. देवघरातल्या वाती अजून त्याच्याच कापसाच्या वळल्या जातात. मागच्या पावसाळ्यात त्याच्या शेजारी मी अमेरिकन कापसाची चार रोपं लावली, वर्गातल्या मुलांना दोन्ही शेजारी शेजारी दाखवता यावीत म्हणून. देवकापसाचं पान हाताची बोटं फाकवल्यासारखं, खोल चिरलेलं. अमेरिकनचं पान रुंद, तळव्यासारखं. देवकापसाचं बोंड लहान, टोकदार आणि खाली मान घातलेलं, तर अमेरिकनचं गोल, गुबगुबीत.

शेजारचे अण्णा रोज सकाळी कुंपणावरून डोकावतात. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांचं सगळं आयुष्य मागावर गेलं. कापूस त्यांच्या हातातून लाखो वेळा गेला असेल, पण सुताच्या रूपात. झाड त्यांनी क्वचितच इतक्या जवळून पाहिलं होतं. एके सकाळी ते म्हणाले, "मॅडम, दोन्ही कापूसच ना? मधमाश्या दिवसभर इकडून तिकडे करतात. मग यांची भेसळ का होत नाही? थोड्या वर्षांनी दोन्ही झाडं सारखीच व्हायला नकोत का?"

मी वर्गात हा धडा कितीतरी वेळा शिकवला आहे, पण इतका नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. डार्विनने १८५९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जीव बदलतात कसे हे भरभरून आहे. एकाचे दोन कसे होतात आणि ते दोन पुन्हा एक का होत नाहीत, हे समजायला मात्र पुढची शंभर वर्षं लागली. अण्णांना मी तेव्हा दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं. ते अपुरं होतं. हा लेख म्हणजे त्या सकाळी द्यायला हवं होतं ते उत्तर.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. शेतकरी 'मालदांडी ही ज्वारीची जात' म्हणतो, खिलार ही बैलाची जात, पंढरपुरी ही म्हशीची जात. मराठी विज्ञानलेखनात 'जाती' हा शब्द अनेकदा वेगळ्याच, मोठ्या गटासाठी येतो आणि वर्तमानपत्रं त्याच गटाला 'प्रजाती' म्हणतात. मी इथे मोठ्या गटाला प्रजाती म्हणेन आणि त्याच्या आतल्या प्रकारांना वाण. खिलार गाय आणि जर्सी गाय दिसायला किती वेगळ्या! एकीला वशिंड, लांब शिंगं, चपळ पाय; दुसरी बसकी, वशिंडाशिवाय. तरी त्यांचा संकर होतो आणि ती संकरित गाय पुढे व्यायतेही. याउलट गाय आणि म्हैस एकाच गोठ्यात, एकाच दावणीला वर्षानुवर्षं उभ्या असतात. गाय-म्हशीचं वासरू कुणी पाहिलं आहे? गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रं (आनुवंशिक गुण वाहून नेणारे पेशीतले धागे), आपल्या म्हशीच्या पेशीत ५०. त्या दोघींमधली भिंत गोठ्यात दिसत नाही, पण ती पक्की आहे.

एर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रजातीची जी व्याख्या मांडली ती याच भिंतीवर उभी आहे. जे जीव निसर्गात एकमेकांत प्रजनन करू शकतात आणि इतर गटांपासून प्रजननाच्या बाबतीत तुटलेले असतात, ते सगळे मिळून एक प्रजाती. रंग, आकार, शिंगं हे सगळं दुय्यम. व्याख्येला मर्यादा आहेत. जिवाणू नर-मादी करून वाढत नाहीत, आणि जीवाश्मांचं लग्न लावून बघता येत नाही. पण माळावरच्या आणि परसातल्या बहुतेक जिवांना ती पुरते, म्हणून मी तीच धरून चालते.

आता खरा प्रश्न. ही भिंत बांधतं कोण?

बहुतेकांच्या मनात याचं उत्तर असं असतं की वेगळं राहण्यात फायदा असेल म्हणून निसर्गाने भिंत बांधली. मलाही कॉलेजात असताना असंच वाटायचं. बहुतांशी ते तसं नाही. भिंत अशी कुणी बांधत नाही. दोन गट एकमेकांपासून दूर गेले, आपापल्या जागी आपापल्या सोयीने बदलत राहिले, आणि त्या बदलांच्या ओघात भिंत आपोआप उभी राहिली. ही गोष्ट पटवायला मला मागाचाच दाखला सुचला, आणि तो दुरुस्त अण्णांनी केला.

समजा, बापाने दोन मुलांना एकसारखे दोन माग दिले. एक भाऊ सोलापुरात राहिला, दुसरा इचलकरंजीला गेला. सोलापूरच्या भावाला धाग्याची मोठी कांडी भरायची होती, म्हणून त्याने धोटा, म्हणजे कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, थोडा जाड केला. धोटा ज्या पेटीत जाऊन थांबतो तिच्यात मुळातच थोडी मोकळी जागा होती, त्यामुळे त्याचं काम बिनघोर चाललं. इचलकरंजीच्या भावाला धोटा पेटीत हलतो याचा त्रास होता, म्हणून त्याने पेटीच अरुंद केली. जुना धोटा तिच्यात नीट बसला, त्याचंही काम चाललं. मी अण्णांना विचारलं, आता सोलापूरचा धोटा उचलून इचलकरंजीच्या पेटीत घातला तर?

"धोटा अडकणार," अण्णा म्हणाले. "आणि नुसता अडकणार नाही मॅडम. अर्ध्या वाटेत थांबला तर ताण्याचे शेकडो धागे तोडेल."

दोघा भावांपैकी कुणीही एकमेकांचा माग बंद पाडायचा म्हणून काही केलं नव्हतं. प्रत्येक बदल आपल्या घरी तपासलेला होता. जाड धोटा आणि अरुंद पेटी ही जोडी मात्र कुठल्याच घरात कधी चालवून पाहिली गेली नव्हती. जनुकांचं नेमकं असंच होतं. एका गटात एक जनुक बदलतं, दुसऱ्यात दुसरंच. दोन्ही बदल आपापल्या देहात निर्धोक. संकरित पिल्लाच्या देहात ते पहिल्यांदाच समोरासमोर येतात आणि काहीतरी अडकतं. पिल्लू जगत नाही, किंवा जगतं पण वांझ निघतं. थिओडोसियस डोब्झान्स्की आणि हर्मन मुलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा विचार मांडला, आणि पुढे माश्यांत, वनस्पतींत, उंदरांत असे अडकणारे जनुकांचे जोड प्रत्यक्ष सापडत गेले.

दूर जाणं म्हणजे किती दूर, हे ज्याच्या त्याच्या पायांवर आणि पंखांवर ठरतं. उन्हाळ्यातली भीमा लांडगा सहज ओलांडतो, पण एखाद्या गोगलगायीला तीच नदी जगाचं टोक असते. पश्चिम घाटात केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर पालघाटची खिंड आहे. रुंदी साधारण तीस-चाळीस किलोमीटर. डोंगराच्या अगदी वरच्या थंड जंगलात राहणारे काही लहान पक्षी ती उष्ण, सखल खिंड ओलांडत नाहीत. खिंडीच्या उत्तरेला निलगिरीकडे एक प्रजाती, दक्षिणेला दुसरी. त्यांना पंख आहेत, पण खाली उतरण्याची तयारी नाही. लाखो वर्षं हे असं चाललं की दोन्हीकडचे 'माग' वेगळे व्हायला पुरेसा वेळ मिळतो.

प्रयोगशाळेतही हे पाहिलेलं आहे. डायान डॉड या संशोधिकेने १९८९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार आवडतो. फळमाश्यांच्या एकाच मूळ समूहाचे गट करून काही गट स्टार्चवर वाढवले, काही माल्टोज या साखरेवर. अनेक पिढ्या गेल्यावर त्यांना एकत्र सोडलं, तर स्टार्चवरच्या माश्यांनी जोडीदार म्हणून जास्त करून स्टार्चवरच्याच निवडल्या आणि माल्टोजवाल्यांनी माल्टोजवाल्या. जोडीदार निवडायला कुणी शिकवलं नव्हतं. बदललं होतं फक्त अन्न. निवड त्याच्या मागोमाग आली.

भिंत म्हटली की एकच वाटते, पण निसर्गात ती एकामागे एक अशा अनेक कुंपणांची असते. काही कुंपणं मीलनाच्या आधी लागतात. त्यातलं माझं सर्वांत आवडतं कुंपण उंबराच्या फळात आहे.

दुर्मीळ गोष्टीला आपण उंबराचं फूल म्हणतो. फूल दुर्मीळ नाही, ते आत आहे. गेल्या वर्षी वर्गात मी एक पिकत आलेलं उंबर टेबलावर ठेवून ब्लेडने उभं चिरलं. आत भिंतीला लागून शेकडो बारीक फुलं दाटीने बसलेली, आणि त्यांच्यातून काळपट, मुंगीहूनही लहान किडे चालू लागले. पुढच्या बाकावरची एक मुलगी "ई" करून मागे सरकली आणि मग सगळ्यांच्या आधी पुन्हा पुढे आली. उंबरातले किडे म्हणून आपण ज्यांना झटकतो त्यांतल्या बऱ्याच या गांधीलमाशीच्या कुळातल्या माद्या असतात. त्यांचे नर बिनपंखी असतात, आणि त्यांचं आयुष्य त्या फळातच संपतं. मादी अंगावर पराग घेऊन बाहेर पडते. तिच्याजवळ एक-दोन दिवस असतात. तेवढ्यात तिला दुसरं कोवळं उंबर गाठायचं असतं, त्याच्या टोकाच्या चिमुकल्या छिद्रातून आत घुसायचं असतं. त्या छिद्रात तिचे पंखही तुटून पडतात. आत जाऊन ती अंडी घालते, पराग देते आणि तिथेच मरते.

आता अक्कलकोटचा वटवृक्ष आठवा, किंवा आपल्या कुठल्याही गावचा पार, जिथे वड, पिंपळ आणि उंबर हाताच्या अंतरावर उभे असतात. तिघे एकाच कुळातले, तिघांच्याही पेशीत २६ गुणसूत्रं. फांद्या एकमेकांत गुंतलेल्या. तरी उंबराची माशी उंबराच्याच वासावर जाते. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. पराग वाहून नेणारीच जर दुसऱ्याच्या दारी जात नसेल, तर भेसळ होणार कशी? क्वचित चुका होतात, पण त्या क्वचितच. ज्या पारावर माणसं सावलीला बसतात, त्याच्या डोक्यावर हजारो वर्षं ही विभागणी रोज पाळली जाते, हे मला अजूनही आश्चर्याचं वाटतं.

आपल्या माळरानांवर हेच काम रंग आणि आवाज करतात. एप्रिल-मे महिन्यात, पावसाच्या आधी, दख्खनच्या माळावर गळ्याखाली पंखा असलेले छोटे सरडे दिसतात. नर एखाद्या दगडावर चढतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. काहींचा पंखा निळा, काळा आणि नारिंगी असा झगझगीत, काहींचा जवळजवळ पांढरा. मादी हे बघून ठरवते. २०१६ साली संशोधकांनी यांतल्या रंगीत पंख्याच्या सरड्यांसाठी नवा वंशच, म्हणजे जवळच्या प्रजातींचा वेगळा गटच, केला आणि त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'सरडा'. हो, आपलाच मराठी शब्द. त्यातल्या एका नव्या प्रजातीला डार्विनचं नाव दिलं आहे.

चंडोलांची गोष्ट तर कानाने ऐकायची आहे. सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजला गेलं की माळढोकासाठी १९७९ साली राखलेलं अभयारण्य लागतं. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, पण चंडोल भेटतात. मातीच्या रंगाचे, गवतात बसले की नाहीसे होणारे. भारतातल्या आणि आग्नेय आशियातल्या अशाच एका चंडोल गटाला बराच काळ एकच प्रजाती मानत. स्वीडनचे पक्षीतज्ज्ञ पेर आल्स्ट्रॉम यांनी त्यांचं गाणं आणि गाताना उडण्याची तऱ्हा बारकाईने तपासली आणि १९९८ साली दाखवलं की त्या एका नावाखाली अनेक प्रजाती होत्या. आपल्या डोळ्यांना पिसं सारखी दिसतात. चंडोलाच्या मादीला त्यावर अवलंबून राहायचं कारणच नसतं, ती गाणं ऐकते.

ही पहिली कुंपणं ओलांडली गेली तर मागे दुसरी असतात. घोडा आणि गाढव यांचं खेचर सगळ्यांना ठाऊक आहे. घोड्याची ६४ गुणसूत्रं, गाढवाची ६२, खेचराची ६३. खेचर ओझं वाहतं, डोंगर चढतं, पण त्याची वेल पुढे जात नाही. लडाखात याक आणि गायीचा संकर करतात. त्यातली मादी व्यायते, दूध देते. नर मात्र वांझ. हे फक्त याकाचं नाही. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ साली नोंदवलं की संकरात एका लिंगाची पिल्लं कमी, वांझ किंवा गायब असतील तर बहुधा ते लिंग असतं ज्याची लिंग ठरवणारी दोन गुणसूत्रं एकमेकांपेक्षा वेगळी असतात. सस्तन प्राण्यांत ते नर, पक्ष्यांत मादी. हे हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. धोटा अडकतो तो कुठे आधी अडकतो, हे या नियमातून कळतं.

आता परसातल्या कापसाकडे येऊ, कारण तिथे भिंत वेगळ्याच रीतीने उभी राहिली. हळूहळू नव्हे, जवळजवळ एका पिढीत.

देवकापूस हा देशी कापूसच. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, म्हणजे १३ जोड्या. अमेरिकन कापसाच्या पेशीत ५२. बरोबर दुप्पट, आणि तो योगायोग नाही. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वी देशी कापसाच्या आफ्रिकी-आशियाई घराण्यातला एक कापूस कसातरी समुद्रापलीकडे अमेरिका खंडात पोचला. तिथे स्थानिक रानकापूस होता, त्याचीही गुणसूत्रं २६, पण त्याच्या सरकीला सूत काढण्याजोगा तंतूच नव्हता. दोघांचा संकर झाला. आईकडून १३, बापाकडून १३. झाड उभं राहिलं असेल, पण परागकण बनवताना अडचण. पराग बनताना गुणसूत्रांना आधी जोडीने उभं राहावं लागतं, शाळेच्या प्रार्थनेला मुलं दोन-दोनच्या रांगेत उभी राहतात तसं. इथे दोन्ही शाळांची तेरा-तेरा मुलं, एकालाही ओळखीचा जोडीदार नाही. रांग लागेना. असं झाड वांझ.

मग एक चूक घडली, आणि त्या चुकीनेच सगळं जुळलं. पेशी विभागताना गुणसूत्रं दुप्पट झाली, पण पेशीचे दोन भाग झाले नाहीत. २६ ची ५२ झाली. आता प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत शेजारी उभी होती, रांग लागली, पराग बनला, सरकी धरली. नवी प्रजाती जन्मली. तिला तिच्या जन्मदात्यांपासून तोडायला डोंगर लागला नाही, समुद्र लागला नाही. आई-बापांपैकी कुणाशीही तिचा संकर झाला की होणाऱ्या रोपात २६ अधिक १३, म्हणजे ३९ गुणसूत्रं येतात. तेरांना जोडीदार नाही. पुन्हा वांझ. जन्मल्या दिवशीच कुंपण पुरं.

ज्या गव्हाची आपण रोज पोळी खातो त्याचाही जन्म असाच. खिरीचा खपली गहू घ्या, त्याची गुणसूत्रं २८. शेवया-रव्याचा बन्सी, त्याचीही २८. खपलीच्या घराण्यातल्या, शेतात पिकवल्या जाणाऱ्या गव्हाचा आणि १४ गुणसूत्रांच्या एका रानगवताचा कॅस्पियन समुद्राच्या परिसरात संकर झाला, २१ ची दुप्पट ४२ झाली आणि आजचा पोळीचा गहू आला. याला आठ-दहा हजार वर्षंच झाली. माणूस तेव्हा शेती करत होता. शेताच्या बांधावर एक नवी प्रजाती उभी राहिली आणि तिला पेरणाऱ्या माणसाला बहुधा एवढंच वाटलं असेल की यंदा लोंबी जरा निराळी दिसते.

अण्णांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आलं. मधमाशी इकडून तिकडे जाते, पराग नेते. कापूस तसा बराचसा आपल्याच परागाने फळतो, हे एक कुंपण. त्याउपर परका पराग पोचला तरी १३ आणि २६ चा हिशेब सुटत नाही, बहुतेक वेळा बीही धड भरत नाही.

इतकं सांगून थांबले तर मी खोटं चित्र दिलं असं होईल. कुंपणांना भगदाडं असतात. अमेरिकन कापूस आणि लांब धाग्याचा इजिप्शियन घराण्यातला कापूस या दोन वेगळ्या प्रजाती, पण दोघांचीही गुणसूत्रं ५२. त्यांचा संकर सहज होतो. १९७२ साली धारवाडहून आलेला 'वरलक्ष्मी' हा वाण असाच होता. पहिली पिढी जोमदार, लांब धाग्याची. पण तिचीच सरकी ठेवून पुन्हा पेरली की शेतात खुजी, कमजोर, न फळणारी रोपंही निघू लागतात. बियाणं दरवर्षी विकत घेण्यामागे बाजार आहेच, ही गोष्ट मात्र बाजाराच्या आधीची आहे. धोटा कधी कधी पहिल्या फेरीत सुरळीत जातो आणि दुसऱ्या फेरीत अडकतो.

कुठे भगदाडातून नवंच घराणं निघतं. गालापागोस बेटांपैकी डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य अनेक दशकं एकेका पक्ष्याला ओळखून नोंदी ठेवत होतं. १९८१ साली तिथे शंभराहून अधिक किलोमीटरवरून एक परका, मोठा नर फिंच आला. त्याने स्थानिक मादीशी घरटं केलं. त्याचं गाणं वेगळं होतं, आणि फिंचची पिल्लं गाणं बापाकडून शिकतात. त्यामुळे मुलगेही परकंच गाणं गाऊ लागले, चोचही वेगळी, आणि थोड्याच पिढ्यांत हे घराणं फक्त आपापसांत जोड्या लावू लागलं. २०१७ साली त्यांच्या जनुकांच्या तपासणीतून हा वंशवृक्ष पक्का झाला. ते पुढे टिकेल की नाही हा वेगळा मुद्दा. पण एक वेगळं घराणं उभं राहताना माणसाने वर्षानुवर्षं वही घेऊन पाहिलं, याचं मोल मला फार वाटतं.

आणि कुठे भगदाड वाढत जाऊन कुंपणच पडायला लागतं. आपल्या माळावरचा लांडगा घ्या. भारतीय लांडग्याचं घराणं जगातल्या लांडग्यांमध्ये फार जुन्या घराण्यांपैकी आहे, इतकं की त्याला वेगळी प्रजाती म्हणावं का यावर गंभीर चर्चा चालू आहे. कुत्रा लांडग्याचाच वंशज, दोघांचीही गुणसूत्रं ७८, पिल्लं होतात आणि ती पिल्लं पुढे व्यातात. आजवर दोघांना वेगळं ठेवलं ते राहणीने. लांडगा माळावर, कळपात, माणसापासून लांब. माळ नांगरला गेला, वस्ती आत शिरली, कचऱ्याच्या ढिगांवर मोकाट कुत्री वाढली, की ते अंतर संपतं. पुण्याच्या परिसरात लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीतून सिद्ध झाला आहे. नान्नजच्या माळावर संध्याकाळी दूरवर एक राखाडी आकृती थांबून मागे वळून बघते, तेव्हा मी दुर्बीण लावते आणि पूर्वी कधी मनात न आलेली शंका आता येते: हा लांडगाच ना? गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन असं सरकारी कागदापासून आपल्या बोलण्यापर्यंत सगळीकडे म्हटलं जातं. तो माळच त्या दोघांमधलं कुंपण होता. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उलट दिशेनेही घडतं, तेही सांगायला हवं. संकराची पिल्लं कमजोर निघत असतील तर जी मादी आपलाच नर अचूक ओळखते तिची पिल्लं जास्त टिकतात, आणि पिढ्यानपिढ्या ओळख पक्की होत जाते. युरोपात माशीमार पक्ष्यांच्या दोन जवळच्या प्रजाती आहेत, दोन्हींचे नर एरवी काळे-पांढरे. जिथे दोन्ही एकत्र राहतात तिथे एकीचे नर तपकिरी झाले आहेत, जणू गर्दीत चुकामूक नको म्हणून कुणी वेगळा सदरा घालावा. म्हणजे भिंत बांधली जात नाही असं मी वर म्हटलं ते सुरुवातीपुरतं खरं. एकदा अर्धी उभी राहिली की निवड तिच्यावर वीट चढवू शकते.

हे सगळं अण्णांना हप्त्याहप्त्याने कुंपणावरून सांगून झालं. त्यांचं समाधान झालं नाही. "करून बघू," म्हणाले. ते मलाही आवडलं.

एका संध्याकाळी अमेरिकन कापसाच्या पाच कळ्या निवडल्या, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या. कळीच्या पाकळ्या अलगद सोलल्या, आतल्या दांड्याभोवतीचे पुंकेसर नखाने खरवडून काढले. अण्णांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता. तुटलेला धागा अंधारात सांधायची सवय त्या बोटांना आहे. राहिलेल्या दांड्यावर कागदाची छोटी नळी घातली, वर लाल दोरा बांधला. सकाळी नऊच्या सुमारास देवकापसाची ताजी फुलं तोडून त्यांचा पराग त्या पाच दांड्यांच्या टोकाला लावला आणि नळ्या पुन्हा बसवल्या.

आठवड्याभरात चार बोंडं देठापासून पिवळी होऊन गळली. पाचवं तग धरून राहिलं, पण फुगलं नाही. दिवाळीनंतर ते वेळेआधीच तडकलं तेव्हा अण्णांनी ते तळहातावर घेऊन उघडलं. आत थोडा मळकट कापूस आणि सात सरक्या. सहा पोचट, दाबल्या तर कवच आत जाई. सातवी हाताला भरीव लागत होती. ती फोडून बघायची माझी इच्छा होती. अण्णांनी ती दिली नाही. चहाच्या कागदी कपात माती भरून त्यांनी ती लावली, कप आपल्या खिडकीत ठेवला, आणि रोज सकाळी कुंपणाशी यायच्या आधी त्यात चमचाभर पाणी घालतात. अजून काही उगवलेलं नाही.